झाडांचा ग्रंथ निवडताना



मंडळाच्या शिलकी पैशातून झाडाझुडपांची सर्व माहिती देणारा एक मोठा ग्रंथ घ्यावा आणि तो कपाटात सर्वांसाठी ठेवावा, असे यंदा हळदीकुंकवाच्या दिवशी ठरले. ग्रंथ घ्यायचा यावर एकमत झाले, कोणता घ्यायचा यावर झाले नाही. कोणी म्हणाल्या, रंगीत चित्रांचा घ्या. कोणी म्हणाल्या, औषधांचा घ्या. एकीचे म्हणणे असे की, पुण्याहून इंग्रजी जाडजूड ग्रंथ आणावा, एकदाच पैसे जातील पण सगळे एका ठिकाणी मिळेल. शेवटी हा विषय स्मरणिकेत लिहावा, असे चिटणीस बाईंनी मला सांगितले.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मराठी पुस्तके मी स्वतः चाळली. इंग्रजी ग्रंथांची हकीकत कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीने वाचून सांगितली. आपल्या मुलखातील झाडांचे ग्रंथ केव्हा झाले, कोणी केले आणि कोणाला विचारून केले, हे कळले म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते, असे मला या वाचनातून वाटू लागले. तीच हकीकत येथे देत आहे.

प्रथम हा खटाटोप कशासाठी, ते सांगते. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या आळीतील एका घरच्या नातवाने खेळता खेळता बिट्टीचे बी चावले. बिट्ट्यांनी आपण सर्वजणी लहानपणी खेळलो आहोत, पण ते बी विषारी असते आणि त्याचा परिणाम हृदयावर होतो. पोराला उलट्या सुरू झाल्या तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात नेले. डॉक्टर परप्रांतीय होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कोणत्या झाडाचे बी? आजी म्हणाली बिट्टी, काका म्हणाले पिवळी कण्हेर, आईला रडण्यात काही सुचेना. डॉक्टरांना यांतील एकही नाव ठाऊक नव्हते, यात त्यांचा दोष नाही. घरचा एक मुलगा गाडीवरून परत आला आणि फुलाफळासकट फांदी तोडून घेऊन गेला, तेव्हा उलगडा झाला. पोर दोन दिवस देखरेखीखाली राहून सुखरूप घरी आले. परंतु झाडाला आपले नाव असून भागत नाही, ते नाव दुसऱ्याला कळेल अशा नावाशी जोडलेले असावे लागते, हे त्या दिवशी सगळ्या आळीला कळले. झाडांचा ग्रंथ हवा तो यासाठी. निव्वळ बागेची हौस म्हणून नव्हे.

आता इतिहासाकडे वळू.

आपल्या किनाऱ्यावरच्या वनस्पतींविषयी छापलेले सर्वांत जुने मोठे पुस्तक गोव्यात निघाले. ते १५६३ सालचे. गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता, त्याने ते लिहिले. मुंबई बेटही त्याच्याकडे खंडाने होते आणि तेथे त्याची बाग होती. बाजारातील औषधी, मसाले, फळे यांची माहिती त्याने दोन माणसांच्या संवादाच्या रूपाने दिली आहे. येथील वैद्यांना आणि व्यापाऱ्यांना विचारल्यावाचून हे पुस्तक होणे शक्य नव्हते.

त्यानंतर शंभर वर्षांनी याहून फार मोठे काम झाले. रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला १६७४ साली. त्याच सुमारास तिकडे कोचीनला व्हान ऱ्हीड नावाचा डच अधिकारी मलबारच्या झाडांची चित्रे काढवून घेत होता. त्यातून 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात छापून निघाला. त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. या कामी ज्यांनी झाडे ओळखून दिली, त्यांत इट्टी अच्युतन हे केरळचे वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित व आपूभट हे तीन कोकणी वैद्य होते. या तिघांनी १६७५ साली आपण काय काम केले त्याचे पत्र लिहून दिले. कोकणी भाषेतील आणि देवनागरी अक्षरांतील ते पत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे. पुढे १७५३ साली लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने सर्व झाडांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे दिली, तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळ झाडांसाठी त्याने याच ग्रंथाचा आधार घेतला. म्हणजे आज परदेशी पुस्तकात दिसणाऱ्या कित्येक लॅटिन नावांच्या मुळाशी आपल्याच वैद्यांची ओळख आहे. ज्याने सांगितले त्याचे नाव लिहून ठेवण्याची ही रीत मात्र पुढील सर्वांनी पाळली नाही.

इंग्रज आल्यावर मुंबई इलाख्यात पहिली मोठी यादी केली ती जॉन ग्रॅहम यांनी. हे गृहस्थ टपाल खात्यातील अधिकारी. त्यांची मुंबई आणि आसपासच्या झाडांची यादी १८३९ साली निघाली, पण ती पुरी छापून होण्याआधीच ते वारले. उरलेले काम त्यांच्या मित्राने पुरे केले.

यानंतरची हकीकत आपल्या अगदी जवळची आहे. पुण्याजवळ दापोडीला १८२८ साली सरकारी वनस्पती उद्यान निघाले होते. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे प्रमुख झाले. ते सैन्यातील डॉक्टर. इस्पितळांना लागणाऱ्या औषधी ते या बागेत लावीत. त्यांनी बागेतील झाडांची रंगीत चित्रे काढवून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या उद्यानात जपून ठेवली आहेत आणि २००२ साली त्यांवर सुंदर पुस्तकही निघाले. पण ज्या चित्रकाराने पान न् पान निरखून ती काढली त्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही. १८६१ साली डॅलझेल आणि गिब्सन या दोघांचा 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ निघाला.

येथपर्यंतचे ग्रंथ ओळखीचे आणि औषधांचे झाले. घरच्या बागेला उपयोगी पडेल असे पुस्तक निराळे. त्यात झाड केव्हा लावावे, पाणी किती द्यावे, छाटणी केव्हा करावी, हे लागते. असे एक इंग्रजी पुस्तक फर्मिंजर यांनी बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानासाठी लिहिले होते आणि ते पुष्कळ नावाजले गेले. परंतु बंगालचे हवामान आणि आपले एक नाही. तिकडचा महिना पाहून इकडे बी टाकले तर हाती काय येणार? ही अडचण ओळखून वुड्रो नावाच्या गृहस्थांनी पुण्यात बसून 'गार्डनिंग इन इंडिया' हे पुस्तक लिहिले. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि गणेशखिंडीची बाग सांभाळीत. त्यांच्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि १९१० साली ते 'गार्डनिंग इन द ट्रॉपिक्स' या नव्या नावाने पुन्हा निघाले. बागवानाने आपल्या जागेवर राहून लिहिलेले पुस्तकच कामाला येते, हे त्यातून दिसते.

त्याच कॉलेजचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक हे मूळचे इंजिनिअर. निवृत्तीनंतर विलायतेत बसून त्यांनी 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. सिंधपासून कारवारपर्यंतची झाडे त्यात आहेत आणि पुष्कळ झाडांपुढे मराठी नावही दिलेले आहे. १९५८ साली तो पुन्हा छापला गेला, यावरून त्याची योग्यता कळते. तरी आपल्या कपाटासाठी तो घ्या, असे मी म्हणणार नाही. त्यात पाकळ्या किती, केसर किती, याचे बारीक वर्णन आहे. कुंडीत झाड का वाळले, याचे उत्तर नाही.

मराठीत काय झाले, तेही पाहू. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'वनौषधि गुणादर्श' हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. ते १९०९ साली वारले. त्यानंतर डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'ओषधिसंग्रह' १९२७ साली निघाला. देसाई इंग्रजी वैद्यक शिकलेले, तरी ग्रंथ त्यांनी मराठीत केला. हे दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत. परंतु ते वैद्यांसाठी आहेत. त्यात वाचून घरच्या घरी काढा करून कोणाला पाजावा, हे योग्य नाही.

स्वातंत्र्यानंतर पुणे हे या विद्येचे मोठे ठिकाण झाले. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी निघाली. आज तिची संस्था आघारकरांच्याच नावाने ओळखली जाते. तेथील डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या वर्षांत आपल्या सह्याद्रीतील देवरायांची पाहणी केली. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कोणती झाडे टिकून आहेत, हे त्यांनी गावोगाव फिरून आणि गावकऱ्यांना विचारून लिहिले. वनस्पती सर्वेक्षण खात्याचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ साली पुण्यात आले आणि त्या खात्याने साऱ्या महाराष्ट्राच्या फुलझाडांचे ग्रंथ १९९६, २००० आणि २००१ साली काढले. तेही इंग्रजीत आणि शास्त्रज्ञांसाठी.

सामान्य माणसासाठी सर्वांत मोठे काम, माझ्या मते, वाईला झाले. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातील कोणत्याही झाडाची नोंद काढून पाहावी. आरंभीच त्याची हिंदी, गुजराती, कानडी, संस्कृत, इंग्रजी आणि लॅटिन नावे आणि त्याचे कुळ दिलेले असते. मग वर्णन, लागवड आणि उपयोग. आता हा विश्वकोश फोनवरही पैसे न देता वाचता येतो. दवाखान्यात त्या दिवशी अशी एक नोंद कोणी उघडली असती, तर फांदी आणायला धावावे लागले नसते.

या सर्व हकीकतीत एक गोष्ट माझ्या मनात भरली. ग्रॅहम टपालवाले, गिब्सन डॉक्टर, कुक इंजिनिअर. अलीकडे २००१ साली 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे रंगीत छायाचित्रांचे पुस्तक करणारे श्रीकांत इंगळहळीकर हेही इंजिनिअर. पोटाचा धंदा निराळा आणि झाडांची आवड निराळी, अशा माणसांनीच हे ग्रंथ उभे केले. दुसरी गोष्ट, यातील प्रत्येकाने कोणाला तरी विचारले आहे. वैद्याला, माळ्याला, गुराख्याला विचारल्याशिवाय झाडाचे नाव कळत नाही. आणि ज्या बाया रोज रानात जाऊन भाजी खुडतात, सरपण आणतात, त्यांची नावे मात्र जुन्या ग्रंथांत मला कोठे आढळली नाहीत. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांनी ती उणीव ओळखली. तेथील स्त्रियांकडून ऐकलेली झाडांची माहिती त्यांनी 'गोईण' या पुस्तकात दिली. ते मला फार आवडले, कारण त्यात सांगणारी बाई आहे.

आता निवडीचा प्रश्न. ग्रंथ जाड आहे की नाही, चित्रे रंगीत आहेत की नाही, हे नंतर पाहावे. आपण ज्या झाडाला नीट ओळखतो, तेच आधी त्यात शोधावे. मी चाफ्याची परीक्षा सुचवते. आपण पाच-सहा झाडांना चाफा म्हणतो आणि ती एकमेकांची कोणीच नव्हेत. सोनचाफा एका कुळातील. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातील. देवळापुढचा पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातील, आणि तो मूळचा अमेरिकेचा. भुईचाफा हळदीच्या कुळातील. नागचाफा आणखी निराळा. ज्या ग्रंथात 'चाफा' एवढेच लिहून एकच चित्र दिले असेल, तो बाजूला ठेवावा. यात नुसत्या नावाचा प्रश्न नाही. पांढऱ्या चाफ्याला फार पाणी दिले तर तो कुजतो. सोनचाफ्याला पाणी हवे, पण ते मुळाशी साचलेले चालत नाही. भुईचाफ्याची पाने पावसाळ्यानंतर वाळून जातात आणि कंद जमिनीत स्वस्थ पडून राहतो; माहिती नसलेली सून तो मेला समजून उपटून टाकते.

ब्राह्मीचीही अशीच परीक्षा घ्यावी. आपल्याकडे गोल पानाच्या वेलीला ब्राह्मी म्हणतात, तिचे संस्कृत नाव मंडूकपर्णी. दुसरी बारीक मांसल पानाची जलब्राह्मी, तिलाही ब्राह्मीच म्हणतात. चांगला ग्रंथ दोन्ही वेगळ्या सांगतो.

शास्त्रीय नावे अधूनमधून बदलतात, तेव्हा ग्रंथात जुने आणि नवे दोन्ही असावे. सोनचाफा पूर्वी 'मिशेलिया' होता, आता 'मॅग्नोलिया' झाला आहे. नाव बदलले म्हणजे झाड बदलले नाही, पण नुसते नवे नाव असलेल्या ग्रंथात जुने शोधणारी बाई चुकते. शेवटी मराठी नावांची सूची हवी. सूची नसलेला ग्रंथ म्हणजे डबे भरलेले पण चिठ्ठी एकावरही नाही, असे स्वयंपाकघर.

विषारी झाड विषारी म्हणून स्पष्ट लिहिलेले असावे. बिट्टी, कण्हेर, धोतरा, गुंज, कळलावी ही पाच नावे काढून पाहावीत. कळलावीचे फूल मोठे देखणे, म्हणून हल्ली बागेतही लावतात. तिचा कंद खाण्यात गेला तर जिवावर बेतते. फुलाचे कौतुक करून कंदाविषयी गप्प राहणारा ग्रंथ लेकराबाळांच्या घरात नको.

पावसाचेही पाहावे. पुण्यासाठी लिहिलेले पुस्तकसुद्धा आपल्याला तंतोतंत लागू पडत नाही. आपल्याकडून जसजसे पौड ओलांडून ताम्हिणीकडे जावे, तसतसा पाऊस वाढत जातो. पुण्यात कुंडी गच्चीवर उघडी ठेवा म्हटले असेल, तर श्रावणात आपल्याला ती पत्र्याखाली घ्यावी लागते. विलायती ग्रंथात तर बर्फापासून झाड कसे वाचवावे, याचीच पाने फार. त्यांच्या देशात ते योग्यच आहे.

या कसोट्या लावल्यावर सर्व काही असलेला एकच ग्रंथ मला मिळाला नाही, आणि तसा असणे कठीणच. म्हणून माझी सूचना अशी. इंग्रजी जाडजूड ग्रंथ घेऊ नये. ओळखीसाठी विश्वकोश फोनवर आहेच, तो कसा उघडावा हे आपल्या मुलींनी एका दुपारी सर्वांना दाखवावे. रानफुलांसाठी सह्याद्रीच्या छायाचित्रांचे एक पुस्तक आणि बागकामासाठी महाराष्ट्रात राहून लिहिलेले, सूची असलेले एक मराठी पुस्तक घ्यावे. चाफ्याची आणि बिट्टीची परीक्षा दुकानातच करावी, पैसे मग द्यावेत.

आणि तिसरी एक कोरी वही घ्यावी, चांगल्या बांधणीची. ती कशासाठी, ते सांगते. आपल्या तालुक्यात १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापटांनी तो चालवला, तरी धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. त्या गावांच्या बांधावर, परसात जी झाडे होती, त्यांना तेथल्या बाया काय म्हणत, ते सांगायला आज कोणी नाही. आपल्याकडे पाणी आले नाही, पण पिरंगुटपासून घोटवड्यापर्यंत भातखाचरांच्या जागी प्लॉट पडत आहेत. नव्या बंगल्यांत नर्सरीतली झाडे येतात. तीही यावीत. झेंडू मेक्सिकोचा असून आपल्या दसऱ्याचा झालाच ना? पण बांधावरची जुनी झाडे जातात तेव्हा त्यांचे नावही जाते. आमच्या सासूबाईंना पावसाळ्यातील रानभाज्या पान हातात घेऊन, वासावरून ओळखता येतात. त्यांतील काहींची त्यांनी सांगितलेली नावे मला एकाही पुस्तकात सापडली नाहीत. पुस्तकवाल्यांनी भरे गावात येऊन त्यांना विचारले नाही, एवढेच.

तेव्हा वहीच्या प्रत्येक पानावर एक झाड असावे. वाळवलेले पान डकवावे, आपल्याकडचे नाव लिहावे, विश्वकोशातील शास्त्रीय नाव कोणाकडून तरी तपासून त्यापुढे लिहावे, केव्हा फुलते, खातात की विषारी, ते लिहावे. आणि खाली ज्या बाईने सांगितले तिचे नाव अवश्य लिहावे. रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट यांची नावे साडेतीनशे वर्षे टिकली, कारण ती कागदावर आली. आपल्या सासवा-आज्यांची नावेही तशीच यावीत.

पुढच्या सभेला प्रत्येकीने घरातील वडीलधाऱ्या बाईला विचारून एका झाडाची फांदी आणि नाव घेऊन यावे, अशी सर्व भगिनींना विनंती आहे. वही मी आणून ठेवते.